म्हाताऱ्या गॅस विहिरींसाठी साबणकांड्या: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, मी विकणाऱ्यांपैकी नाही. गुजरातेत जमिनीवरच्या एका जुन्या गॅस फील्डवर प्रॉडक्शनला आहे. चार विहिरींत आठ महिने या कांड्या टाकतोय. तक्रारी आहेत म्हणून कांड्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही.

विहीर तरुण असते तेव्हा गॅस आपल्या जोरावर तळाचं पाणी वर घेऊन येतो. रिझर्व्हॉयरचा, म्हणजे जमिनीखालच्या गॅस धरलेल्या खडकाचा, दाब उतरला की ट्यूबिंगमधला (गॅस वर आणणाऱ्या आतल्या नळीतला) वेग मंदावतो, पाणी वर पोचण्याआधीच खाली ओघळतं आणि साचत जातं. मग त्या पाण्याच्या ओझ्याखालीच विहीर बसते. फील्डवर म्हणतात, 'वेल लोड झाली'. थेंब वर न्यायला किमान किती वेग लागतो, याचं गणित टर्नर, हबर्ड आणि डकलर या संशोधकांनी १९६९ मध्ये मांडलं. आम्ही अजून तेच धरून चालतो. कांडी त्या पाण्याचा फेस करते. फेस हलका, त्यामुळे कमी वेगातही वर येतो. घरी बादलीत होतं तेच, फक्त दीड किलोमीटर खाली.

पहिला प्रयोग तीन नंबरच्या विहिरीवर. तिथे पॅकर (केसिंग, म्हणजे बाहेरची नळी, आणि ट्यूबिंग यांच्यामधली जागा बंद करणारं बूच) नाही, त्यामुळे केसिंग आणि ट्यूबिंगच्या दाबातला फरक गेजवर सरळ दिसतो. ट्यूबिंगमध्ये पाणी जितकं जास्त, तितका हा फरक मोठा. तो १७ किलोवर (प्रति चौरस सेंटीमीटर) गेला होता. ल्युब्रिकेटरमधून (दाब असतानाही विहिरीत वस्तू सोडता येते त्या वरच्या नळीतून) दोन कांड्या सोडल्या आणि उतावळेपणाने लगेच विहीर उघडली. काहीच झालं नाही. चूक आमची: कांडी तळाशी जाऊन विरघळायला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या वेळी दोन तास बंद ठेवली. उघडल्यावर आमच्या ऑपरेटर काकांनी फ्लोलाइनला (विहिरीतून निघणाऱ्या पाइपला) कान लावला आणि म्हणाले, "साहेब, पाणी आव्युं!" संध्याकाळपर्यंत फरक ६ किलोवर. चार दिवस टिकला. आता आठवड्याला दोनदा कांड्या टाकतो.

एक आणि दोन नंबरलाही फायदा झाला, तीनइतका नाही. चार नंबरवर मात्र पैसे वाया गेले. तिथे कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं हलकं तेल) जास्त येतं आणि त्यात फेस धरतच नाही. विक्रेत्याने आधी द्रवाचा नमुना मागायला हवा होता. मागितला नाही, आणि आम्हीही दिला नाही.

माहितीपत्रकात न सांगितलेली गोष्ट: फेस विहिरीत हवा असतो, सेपरेटरमध्ये (गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीत) नको असतो. तिसऱ्या महिन्यात फेसामुळे सेपरेटरची लेव्हल खोटी दिसू लागली, द्रव पुढे वाहून स्क्रबरमध्ये (कॉम्प्रेसरआधी उरलेला द्रव अडवणाऱ्या टाकीत) गेला आणि रात्री अडीचला कॉम्प्रेसर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. तेव्हापासून फेस मारणारं रसायन वेगळं घ्यावं लागतं, तो खर्च कांडीच्या किमतीत मोजा. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवलेल्या कांड्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला. सावलीत ठेवा.

कांडीने रिझर्व्हॉयरचा दाब वाढत नाही, हे मात्र वरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मुंबईजवळच्या समुद्रातलं वसई क्षेत्र १९७६ मध्ये सापडलं, १९८८ पासून गॅस देतंय. इतक्या मोठ्या क्षेत्रातही दाब उतरल्यावर गॅसचा दाब वाढवणाऱ्या बूस्टर कॉम्प्रेसरचे प्लॅटफॉर्म उभारावे लागलेच. आमच्याकडे तेवढा गॅस उरलेला नाही, म्हणून साबण.

नवी ऑर्डर तीन विहिरींपुरतीच दिली आहे. चार नंबरमध्ये व्हेलॉसिटी स्ट्रिंग, म्हणजे गॅसचा वेग वाढवणारी बारीक व्यासाची नळी, उतरवायचा प्रस्ताव पाठवलाय. तीन महिने तो कुणाच्या तरी टेबलावर आहे, आणि विहीर दर आठवड्याला थोडी थोडी बसतेय.