डोक्याच्या गोळ्या देताना कंबरही मोजणारा दवाखाना, ४ स्टार

भावाला स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येतात, भास होतात असा मानसिक आजार) आहे, त्यावर ओलान्झापिन ही वजन वाढवणारी गोळी चालू. आधीच्या ठिकाणी आवाज कमी झाले का एवढंच विचारायचे, वजन १४ किलो वाढलं तरी कोणी काट्यावर उभं केलं नाही. इथे पहिल्याच दिवशी टेप काढून कंबर मोजली, बीपी, उपाशीपोटी शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) सगळं केलं आणि वजन-शुगर आटोक्यात राहावी म्हणून मेटफॉर्मिनची गोळीही सुरू केली. असे पेशंट १० ते २० वर्षं लवकर जातात ते बऱ्याचदा हार्टच्या आजारांनी, हे पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर सांगितलं. मी कीटोचं (भात-पोळी जवळपास बंद, तूप-तेल जास्त असा आहार) विचारलं तर डॉक्टर म्हणाले, स्टॅनफर्डचा २०२४चा अभ्यास आशादायक आहे पण माणसं फक्त २१, तुलनेला गट नाही, गोळ्या अजिबात सोडायच्या नाहीत. वेटिंग मात्र दोन-दोन तास, भाऊ पार वैतागतो, एक स्टार तिथेच गेला.