लस केंद्रावर की दारात?

लसीकरण केंद्रावर शीतसाखळी, म्हणजे बहुतेक लसींसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान, राखणे सोपे जाते आणि टोचल्यानंतर बाळावर थोडा वेळ लक्षही ठेवता येते. मात्र मजुरी बुडवून, घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी काढून तिथवर पोहोचण्याचा सगळा भार आईवर पडतो. घरोघरी जाणारे पथक हा भार हलका करते, आणि पोलिओच्या दोन थेंबांसाठी तर हीच पद्धत विशेष उपयोगी ठरली आहे. तरीही दार वाजवले म्हणून ते उघडेलच असे नाही. लसीमुळे वंध्यत्व येते, या अफवेपायी २००३ मध्ये नायजेरियातील कानो या मुस्लिमबहुल राज्यात पोलिओ मोहीम थांबली, आणि तशाच मुस्लिमबहुल इंडोनेशियातून लस आणल्यावर २००४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. साधी औषधे मिळत नसताना पोलिओसाठीच माणसे वारंवार दारी का येतात, हा तिथल्या पालकांचा प्रश्नही होता (आणि तो माझ्या मते रास्तच). म्हणून अविश्वास खोल असेल तिथे मी घरभेटीलाच पसंती देईन, पण पथकात त्याच वस्तीतली, तीच बोली बोलणारी स्त्री हवी. अनोळखी पुरुष उंबऱ्याबाहेर ताटकळतो, तिला पाळण्यापर्यंत जाता येते.