झूमवर संगीतोपचार: आधी सेटिंग बदला
झूम मुळात बोलण्यासाठी घडवलेलं. तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला पंख्याची घरघर वाटते, म्हणून तो कापला जातो. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा, हाय-फिडेलिटी मोड (आवाज अधिक बारकाव्यांसह पाठवणारा) लावा, इको कॅन्सलेशन (घुमणारा आवाज दाबणारी सोय) बंद करा. मग मात्र वायरचा हेडफोन हवाच, नाहीतर आवाज घुमतो. ब्लूटूथने आवाज पोहोचायला आणखी उशीर होतो. मीटिंगमध्ये ओरिजिनल साउंडचं बटण चालू आहे ना, तेही पाहा.

एकत्र गाणं विसरा. आवाज पोहोचायला लागणारा वेळ कुठलंही सेटिंग मिटवत नाही, ठेका घसरतोच. रुग्णाला म्यूटवर गाऊ द्यावं आणि त्याचे ओठ, बोटं बघावीत; किंवा सवाल-जवाबासारखं आळीपाळीने गावं. मोफत खात्यातली 40 मिनिटं सत्राला पुरतात, नातेवाइकांशी बोलायला नाही.