रोज ऑफिसला जाणाऱ्या जीपला जॉइंट कुठले टाकायचे? जॉनी जॉइंट वापरून झालेलं मत

गाडी आहे २०१२ची जीप रँग्लर जेके, चार दारांची, अडीच इंचाची लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं) आणि ३५ इंची टायर. राहतो डेन्व्हरला. सोमवार ते शुक्रवार हीच गाडी आय-२५ वरून ऑफिसला जाते, पोरीला शाळेत सोडते, कॉस्टकोतून तांदूळ आणते, आणि उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळला की कोलोरॅडोतल्या उरेकडचा इमोजीन पास नाहीतर युटातलं मोॲब, दोन्हीकडे कच्चे ऑफरोड ट्रेल. ट्रेलरवर घालून न्यायची हौशी गाडी नाही ही, हे आधी सांगायला हवं, कारण जॉइंटबद्दल नेटवर मिळणारा निम्मा सल्ला ट्रेलरवाल्यांचा असतो आणि आपण तो रोजच्या गाडीला लावून बसतो.

आता मुळात काम काय असतं या जॉइंटचं. जेकेला पुढे चार मागे चार असे आठ कंट्रोल आर्म, म्हणजे ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे, शिवाय दोन्हीकडे एकेक ट्रॅक बार, तो ॲक्सलला बाजूला सरकू देत नाही. आर्मच्या दोन्ही टोकांना जे बसतं तो बुश किंवा जॉइंट. आर्म वर-खाली होतो ते सोपं आहे, पण एक चाक दगडावर चढलं आणि दुसरं खड्ड्यात उतरलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि त्याच्यासोबत प्रत्येक आर्मला स्वतःभोवती पीळ बसतो. तो पीळ कुणीतरी खायला पाहिजे. कंपनीच्या गाडीत तो रबर खातं. बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते स्वतः पिळतं आणि सोडलं की परत येतं, ना ग्रीस ना आवाज. स्टॉक उंचीवर, साध्या ट्रेलवर याच्याइतकं भारी काही नाही आणि ज्यांची गाडी लिफ्ट केलेली नाही त्यांनी हा रिव्ह्यू इथेच सोडून दिला तरी चालेल, खरंच.

मी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाने सगळीकडे पॉलियुरेथेनचे बुश घातलेले होते. दिसायला लाल, चकचकीत. हायवेवर गाडी एकदम टाइट वाटायची, स्टिअरिंग मस्त, पण पार्किंगच्या स्पीड ब्रेकरवर कुईं-कुईं असा आवाज की लोक वळून बघायचे. सिलिकॉन ग्रीस भरलं की काही दिवस गप्प, पाऊस झाला की परत सुरू. आवाजाचं सोडा, सवय होते, खरी अडचण अशी की पॉली पीळ खात नाही. ते एका अक्षावर छान फिरतं पण तिरकं व्हायला तयार नसतं, मग तो जोर जातो आर्मवर आणि ब्रॅकेटवर. मोॲबला समोरचं चाक हवेत लवकर उचललं जायचं आणि मी उगाच शॉकला शिव्या घालत होतो. रोजच्या गाडीत आठ आर्मच्या सोळाच्या सोळा टोकांना पॉली, हे कॉम्बिनेशन मला तरी कळत नाही.

दुसरं टोक म्हणजे हाइम जॉइंट, रॉड एंड म्हणतात तो. रेसिंगवाल्यांचा लाडका. लोखंडावर लोखंड नाहीतर मध्ये टेफ्लॉनचं पातळ अस्तर, प्ले म्हणजे ढिलेपणा शून्य, हालचाल भरपूर. पण रस्त्याची प्रत्येक चिर सीटपर्यंत पोचते, आणि चिखल-पाणी आत गेलं की अस्तर झिजतं आणि मग खडखड. अस्तरवाल्यात ग्रीसही भरायचं नसतं, म्हणजे धुऊन काढायचा मार्ग नाही. इथे डेन्व्हरला हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, ते सगळ्या थ्रेडमध्ये जाऊन बसतं. ज्याची गाडी वर्षातून चार वेळा गॅरेजबाहेर येते त्याने खुशाल टाकावेत.

मी घेतले जॉनी जॉइंट, अडीच इंची. हे करी एंटरप्रायझेसवाल्या जॉन करीच्या नावाचे, आता रॉकजॉक नावाने मिळतात. आत बघितलं तर आपला खांद्यासारखा उखळीचा सांधा: मधे पोलादी गोळा, दोन्ही बाजूंनी युरेथेनच्या वाट्या, त्यावर वॉशर, मग सर्कलिप म्हणजे सगळं जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, आणि बाहेर ग्रीस निप्पल. एकूण साधारण ३० अंश हालचाल. गोळा लोखंडी घरात थेट घासत नाही, मधे युरेथेन आहे, म्हणून हाइमसारखा खणखणाट नाही, आणि तरी तिरका व्हायला मोकळा. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे झिजला तर जॉइंट फेकायचा नाही, वाट्या बदलायच्या. फक्त सर्कलिप बसवायला वॉशर दाबून धरावा लागतो, त्यासाठी वेगळं टूल मिळतं, ते घ्या, स्क्रू ड्रायव्हरने खटपट करू नका, सर्कलिप डोळ्यात उडायला वेळ लागत नाही.

पण मी ते दोन्ही टोकांना लावले नाहीत, आणि हेच मला या सगळ्यात मुख्य सांगायचंय. इथल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून खालचे आर्म बनवून घेतले, चॅसीकडच्या टोकाला जॉनी जॉइंट, ॲक्सलकडे रबर बुश. तो म्हणाला सगळे दोन्हीकडे जॉइंटच मागतात, म्हटलं मागू देत. कारण असं की आर्म एकच आहे, रस्त्याचा कंप त्यातूनच केबिनमध्ये येणार, मग एका टोकाला रबर असलं तरी तो वाटेतच बराचसा मरतो. आणि पीळ खायला एक मोकळा जॉइंट पुरतो की. शिवाय दोन्ही टोकं मोकळी असली की आर्म स्वतःभोवती लुडकत राहतो आणि तेवढ्याने जॅम नट (आर्मची ठरवलेली लांबी पक्की धरणारा नट) ढिला व्हायला निमित्त मिळतं, इकडे रबराने त्याला धरून ठेवलेलं असतं. जॉइंट चॅसीकडे घेतला कारण ती बाजू त्यातल्या त्यात चिखलापासून वर राहते आणि ग्रीस गन पण तिथे सहज पोचते. वरचे आर्म कंपनीचेच ठेवले, नव्या रबर बुशसकट.

आर्मची लांबी ॲडजस्ट होते याचा फायदा वेगळाच. लिफ्ट केली की पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि गाडी हायवेवर भरकटल्यासारखी चालते. जेकेला कंपनीतून सव्वाचार अंशांच्या आसपास कॅस्टर असतो, खालचे आर्म जरा लांब केले की तो परत मिळतो. ताशी ७५ मैलांवर स्टिअरिंग एका हातात शांत, इतका फरक मला टायर बदलूनही जाणवला नव्हता. थ्रेडला अँटी-सीझ (गंजून जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) भरपूर फासा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यानंतर ॲडजस्टेबल हा शब्द फक्त बिलावर उरेल.

मेंटेनन्स आहेच, नाही म्हणणार नाही. ऑइल चेंजच्या वेळी ग्रीस गन लावायची आणि कडेने जुनं काळपट ग्रीस बाहेर येऊन मागून स्वच्छ दिसेपर्यंत मारायची. बर्फाचा सीझन संपल्यावर पहिलं जे बाहेर येतं ते चॉकलेटी असतं, त्यात बारीक वाळू बोटाला लागते. ते बघून हाइम न घेतल्याचं समाधान वाटतं. ज्यांना हे करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी मेटलक्लोकचे ड्युरोफ्लेक्स आहेत, त्यात रबरच वापरलंय, ग्रीस लागत नाही. मित्राच्या गाडीत बसून बघितले, शांत आहेत, रोजच्या गाडीला तेही उत्तम.

पुण्याहून मावसभाऊ सारखा विचारतो, दादा थारला काय टाकू. अरे बाबा, २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट विशबोन आहेत, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, अख्खा ॲक्सल नाहीच, तिथे हा प्रश्नच येत नाही, मागे ॲक्सल आणि पाच लिंक आहेत, तेवढ्याचंच बघायचं. आणि तू हिंजवडीला जातोस रोज, त्या खड्ड्यांना रबरच बरं. जिम्नीवाल्यांनी तर अजून जपून, तिच्या लीडिंग आर्मला (पुढच्या ॲक्सलच्या आर्मला) ॲक्सलवरच दोन-दोन बुश आहेत, तिचं आर्टिक्युलेशन म्हणजे ॲक्सलचं तिरकं होणं चालतंच मुळी त्या रबराच्या मऊपणावर, तिथे सगळीकडे कडक पॉली घातली की ॲक्सल जखडल्यासारखा होतो. काहीही बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि तुझी इन्शुरन्स पॉलिसी वाचून घे. आणि नुसते रबर बुश जरी बदललेस तरी गॅरेजवाल्यासमोर उभा राहा. गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बोल्ट आवळला तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, म्हणून आधी सगळे बोल्ट नुसते हाताने लाव, गाडी चारही चाकांवर उभी कर, एकदा हलवून घे, आणि मग टॉर्क रेंच लाव म्हणावं.