जंगलातली ग्रॅव्हल राईड आखायची, तर बीराउटर-वेब

राखीव जंगलातून जाणारी, लांब आणि दम काढणारी ग्रॅव्हल राईड, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या वाटांवरची सायकलफेरी, आखायची असली की मी बीराउटर-वेब हे मार्ग आखण्याचं साधन उघडते. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, खातं काढावं लागत नाही. दिसायला मात्र अगदी रुक्ष. फोटो नाहीत, शिफारशी नाहीत, लोकप्रिय मार्गांची यादी नाही. नकाशा, त्यावर एक रेघ, खाली चढउताराचा आलेख आणि बाजूला एक तक्ता, एवढंच. तो तक्ता मला इतर कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचा वाटतो.

यामागची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. २००४ पासून जगभरातले लोक हा नकाशा स्वतः भरत आलेत. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला त्यांनी लावलेले टॅग, म्हणजे रस्ता कसा आहे ते सांगणाऱ्या छोट्या नोंदी, बीराउटर तक्त्यात जसेच्या तसे दाखवतो. एका ओळीत ‘हायवे=ट्रॅक, ट्रॅकटाइप=ग्रेड२, सरफेस=ग्रॅव्हल’ दिसलं की तिथे चाक पळणार हे कळतं. पुढच्याच ओळीत ‘ट्रॅकटाइप=ग्रेड५, सरफेस=ग्राउंड’ आलं तर जमीन मऊ, पाऊस पडून गेला असेल तर चिखल, आणि चढ असेल तर उतरून सायकल ढकलणं आलं. नुसतं ‘कच्चा रस्ता’ म्हणून दोन्ही तुकडे एकाच रंगात पाहिले, तर हा फरक लक्षात येणार नाही. मुक्कामाला उजेडात पोचायचं की अंधारात, हे त्या फरकावरच ठरतं.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो टॅग नसलेल्या ओळींवर. नुसतं ‘हायवे=ट्रॅक’, पुढे काहीच नाही. असा ट्रॅक बऱ्याचदा उपग्रहाच्या चित्रावरून कुणीतरी काढलेला असतो आणि दाट झाडीखाली जमीन कशी आहे हे त्या चित्रात दिसत नाही. अशा तुकड्यांची लांबी मी वेगळी मोजते आणि वेळेचा हिशोब करताना तिथे चालण्याचा वेग धरते. विश्लेषणाच्या टॅबमध्ये सरफेसनुसार किलोमीटरची बेरीज आयतीच मिळते, त्यात ‘माहीत नाही’चा वाटाही असतो. तो वाटा मोठा असेल तर मी अंतर कमी करते. चढ कमी करण्याआधी अंतर कमी करावं, असं माझं ठाम मत आहे.

चढावरून आठवलं. मार्ग कसा निवडायचा याच्या नियमांचा संच म्हणजे प्रोफाइल. यातलं ट्रेकिंग प्रोफाइल चढउतार टाळायला बघतं. गंमत म्हणजे त्यासाठीचा दंड ते उतारावर लावतं: १.५ टक्क्यांपेक्षा तीव्र उतारावर खाली आलेल्या प्रत्येक मीटरमागे ६० मीटर जादा अंतर धरतं. जिथून निघालो तिथेच परतायचं तर जितका उतार तितकाच चढ, म्हणून हिशोब जुळतो. रोजच्या फेरफटक्याला हे छान आहे. पण राईड कठीणच हवी असेल तर हेच आडवं येतं: तुम्ही कड्यावरून जाणारा ट्रॅक मनात धरलेला असतो आणि रेघ दरीतून वळसा घालून जाते. प्रोफाइलच्या पर्यायांत ‘कन्सिडर एलिव्हेशन’वरची खूण काढा. ‘इग्नोर सायकल रूट्स’ही चालू करून बघा, कारण हे प्रोफाइल आखीव सायकलमार्गांकडे ओढ घेतं. रेघ लगेच बदलते, आणि का बदलली ते तक्त्यात वाचता येतं. मूळ मार्गाशिवाय तीन पर्यायी मार्गही मिळतात. मी तिन्ही काढून बघते, कारण अनोळखी फाटे तिथेच सापडतात.

उंचीचे आकडे मात्र सैल हाताने धरावेत. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीचा डेटा आजही अशा साधनांत बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. तिचे बिंदू साधारण ३० मीटरवर एक, आणि दाट जंगलात रडार पुरतं जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या माथ्याचीही उंची त्यात मिसळते. म्हणजे ओढ्यात उतरून लगेच वर येणारे छोटे खडे चढ आलेखात पुसट होतात. पायांना ते पुरेपूर कळतात. जिथे ट्रॅक ओढे ओलांडतो, तिथे मी मनाने चढ वाढवून धरते.

राखीव जंगलासाठी अतिशय कामाची सोय म्हणजे निषिद्ध क्षेत्र आखण्याची. गाभा क्षेत्र, प्राण्यांच्या विणीच्या काळात बंद असलेला भाग, पूल वाहून गेलेली जागा, यांवर आकार काढला की मार्ग तिथून जात नाही. हे आकार लिंकमध्येच साठवले जातात. सोबत्याला ती लिंक पाठवली की त्याला मार्ग, प्रोफाइल आणि टाळायचे भाग सगळं एकत्र दिसतं. पण नकाशावर ट्रॅक आहे म्हणजे जायची परवानगी आहे, असं मुळीच समजू नका. टॅगमध्ये बंदी नोंदलेली नसली तरी फाटकावर फलक असू शकतो. जंगलाच्या व्यवस्थापनाचे चालू नियम, फाटकांच्या वेळा आणि सायकलला मुभा असलेल्या वाटा त्यांच्याकडूनच विचारून घ्या आणि मगच ते आकार काढा.

प्रवासाचा वेळ ते सांगतं, त्यावर मी विसंबत नाही. सैल खडी, फाटकं, पाणी भरणं, पंक्चर हे त्या आकड्यात मावत नाही. प्रोफाइल मुळापासून बदलायचं तर ते ज्या छोट्या संगणकीय भाषेत लिहिलेलं असतं ती शिकावी लागते, आणि फोनच्या पडद्यावर तक्ता वाचताना डोळे शिणतात. आखणी मोठ्या पडद्यावरच करावी.

मुख्य मार्ग झाला की बाहेर पडायच्या वाटा काढायला विसरू नका. जंगलाच्या सगळ्यात आतल्या जागांपासून जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत फास्टबाईक या वेगवान सायकलीच्या प्रोफाइलने वेगळे मार्ग काढून प्रत्येकाची जीपीएक्स फाइल (मार्ग साठवणारी फाइल) मी सायकलच्या जीपीएसमध्ये वेगळ्या नावाने टाकते. अँड्रॉइड फोन असेल तर बीराउटरचं ॲपही घ्या. त्याचा डेटा ५ अंश बाय ५ अंशांच्या तुकड्यांत उतरवता येतो आणि ऑसमँड किंवा लोकस मॅप या नकाशाच्या ॲपबरोबर ते नेटवर्क नसतानाही नवा मार्ग शोधून देतं. निघायच्या आदल्या दिवशी फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकदा मार्ग काढून बघा, हवा तो तुकडा खरंच उतरलाय का ते तेव्हाच कळतं.