दोन राज्यांचं रिटर्न: स्वतः भरावं की सीपीएकडे द्यावं?

राहायला न्यू जर्सीत आणि नोकरी न्यूयॉर्कच्या कंपनीत, अशी आपली मराठी माणसं एडिसनपासून जर्सी सिटीपर्यंत पुष्कळ आहेत. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म, हातात पडला की त्यातले बरेच जण विचारतात: दोन्ही राज्यांचं कराचं रिटर्न सॉफ्टवेअर घेऊन आपणच भरावं की सीपीएला, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाला, द्यावं? मी काही वर्षं सीपीएकडे दिलं, आता स्वतः भरतो. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, भाग दोन्हीकडे जवळपास सारखाच होतो, म्हणून तो बाजूला ठेवतो. फरक पडतो तो राज्यांच्या रिटर्नमध्ये.

आधी न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, आणि मग न्यू जर्सीचं, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, न्यू जर्सी देते, पण त्या उत्पन्नावर तिचा स्वतःचा जेवढा कर झाला असता तेवढ्यापुरतंच. मध्यम पगारावर न्यूयॉर्कचा कर सहसा जास्त असतो आणि वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. म्हणून न्यूयॉर्कच्या वाट्याला पगाराचा किती भाग दाखवायचा, हा आकडा महत्त्वाचा. माझी निवड याच आकड्यावर ठरली.

न्यूयॉर्कच्या नियमामुळे कंपनी तुमच्या डब्ल्यू-२ च्या १६व्या चौकटीत न्यूयॉर्कपुढे वर्षाचा संपूर्ण पगार लिहिते, मग त्यातले तीन महिने तुम्ही डॅलसच्या क्लायंटकडे का काढले असेनात. तो आकडा जसाच्या तसा उतरवला की सगळा पगार न्यूयॉर्कचा होतो. दिवसांप्रमाणे वाटणी करायची सोय आहे, पण ती आपणहून मागावी लागते. आयटी-२०३-बी या फॉर्मवर वर्षाच्या दिवसांतून शनिवार-रविवार, सुट्ट्या, आजारपण आणि रजा वजा करून कामाचे दिवस काढायचे, आणि त्यातले न्यूयॉर्कबाहेरचे दिवस वेगळे दाखवायचे. समजा कामाचे दिवस २४० आणि टेक्सासमधले ६०. मग १,२०,००० डॉलर पगारातले ९०,००० न्यूयॉर्कचे. उरलेल्या ३०,००० वर टेक्सास काही घेत नाही, फक्त न्यू जर्सी घेते.

मी ज्या ऑफिसकडे जात होतो त्यांची प्रश्नावली भली मोठी होती. मुलांच्या डे-केअरपासून भारतातल्या खात्यांपर्यंत सगळं विचारलेलं, पण वर्षभर काम कुठे कुठे केलं याला एकही ओळ नव्हती. ड्राफ्ट आला तेव्हा न्यूयॉर्कपुढे पूर्ण पगार. विचारलं तर उत्तर आलं, ‘डब्ल्यू-२ वर तसंच आहे.’ नियम दाखवल्यावर ते लगेच तयार झाले, पण दिवसांचा तक्ता मलाच करून पाठवायला सांगितला. कॅलेंडर, विमानाची तिकिटं, मॅनेजरच्या मेल्स चाळून तो मी केला, त्यांनी आकडे भरले, आणि सुधारित रिटर्न एप्रिलच्या गर्दीत, मुदत तोंडावर आलेली असताना, सहीसाठी आलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माणसं प्रामाणिक होती, कामात कसूर नव्हती. पण मी कोणत्या दिवशी कुठे होतो हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि सगळ्यात मोठा आकडा त्याच माहितीतून येणार असेल, तर मधे आणखी एक माणूस कशाला, असं वाटायला लागलं.

सॉफ्टवेअरमध्ये हेच काम सरळ होतं. टर्बोटॅक्स घ्या किंवा फ्रीटॅक्सयूएसए, अनिवासी रिटर्न दोन्हीत होतं. तक्ता तयार असेल तर ते भरायला फार वेळ लागत नाही. मात्र तीन ठिकाणी जपावं लागतं.

पहिलं म्हणजे, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या १६व्या चौकटींची बेरीज फेडरल पगारापेक्षा जास्त दिसते आणि सॉफ्टवेअर इशारा देतं. न्यू जर्सीचा आकडा तर वेगळा असतोच, कारण एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं) वगैरेची फेडरल सूट ती मानत नाही. इशाऱ्याला घाबरून डब्ल्यू-२ चे आकडे बदलू नका. वाटणी पुढच्या पानावर करायची असते. दुसरं, न्यू जर्सीच्या क्रेडिटच्या फॉर्मवर, म्हणजे एनजे-सीओजेवर, न्यूयॉर्कच्या रिटर्नवर निघालेला अंतिम कर यायला हवा, पगारातून कापलेला नव्हे. न्यूयॉर्कच्या रिटर्नमध्ये मागाहून काही बदललंत तर हे पान पुन्हा उघडून बघा. म्हणूनच पाठवण्याआधी पूर्ण फॉर्म दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट घरून केलेल्या कामाची, आणि इथे माझ्या ओळखीतले हुशार लोकही गोंधळतात. कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही आपल्या सोयीसाठी एडिसनच्या घरून काम केलंत, तर तो दिवस न्यूयॉर्क आपलाच धरतं. बाहेरच्या दिवसांतून घरचे दिवस वजा करायला फॉर्मवर वेगळी ओळच आहे. सॉफ्टवेअर तुम्ही सांगाल ते मान्य करेल, पण पुढे न्यूयॉर्क पुरावा मागू शकतं. इथे चांगला सीपीए नक्कीच उजवा, तो वेळीच थांबवतो.

सीपीएचं पारडं जड व्हावं अशी वर्षंही येतात. वर्षाच्या मध्यात राज्य बदललंत. आरएसयू, म्हणजे कंपनीने पुढे द्यायचे कबूल केलेले शेअर, मिळाले तेव्हा एका राज्यात होतात आणि व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे झाले, तेव्हा दुसऱ्या. भारतात म्युच्युअल फंड आहेत आणि त्यांच्यासाठीचा फॉर्म ८६२१ भरायचाय. किंवा राज्याकडून नोटीस आलीय. अशा वर्षी फीकडे न बघता जाणकाराकडे जावं. नुकतेच आलेले, १०४०-एनआर (करासाठी अनिवासी ठरणाऱ्या परदेशी नागरिकांचं फेडरल रिटर्न) भरावं लागणारे, यांनाही नेहमीची सॉफ्टवेअर चालत नाहीत. त्यांच्यासाठी स्प्रिंटॅक्ससारखी वेगळी आहेत. उलट न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. दोन राज्यांचा करार आहे, कंपनीला आरईव्ही-४१९, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, दिला की पगारापुरतं न्यू जर्सीचं एक रिटर्न पुरतं. फिलाडेल्फिया शहराचा वेतनकर तेवढा त्या करारात बसत नाही, पण त्याचं क्रेडिट न्यू जर्सी देते.

खर्चाचं म्हणाल तर दोन्हीकडे प्रत्येक राज्याचे वेगळे पैसे पडतात. सीपीएची फी अर्थातच कितीतरी जास्त. पण माझा निर्णय पैशांमुळे झाला नाही.

ज्यांचं वर्ष साधं आहे, म्हणजे एक नोकरी, एक घर आणि अधूनमधून दुसऱ्या राज्यात क्लायंटकडे जाणं, त्यांनी एकदा तरी स्वतः भरून बघावं. जानेवारीपासूनच कॅलेंडरमध्ये रोज कामाचं राज्य लिहीत जा, म्हणजे मार्चमध्ये तिकिटं शोधावी लागत नाहीत. आणि सीपीएकडेच जायचं ठरवलंत, तर फी विचारण्याआधी न्यूयॉर्कच्या दिवसांची वाटणी ते कशी करतात हे विचारा. त्यांनी लगेच तुमचं कॅलेंडर मागितलं, तर निर्धास्तपणे काम सोपवा.