पिवळ्या रंगासाठी पळस की झेंडू?

नागपुरात घरच्या घरी कापड रंगवू पाहणाऱ्याला पळस आणि झेंडू ही दोन्ही फुले सहज मिळतात, आणि दोन्हींचा पाण्यात उतरणारा रंग फ्लेव्होनॉइड या एकाच कुळातील संयुगांचा असतो. तरीही निवड विचारपूर्वक करावी, कारण या कुळातील भावंडांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

पळसाच्या पाकळीत ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन ही ग्लुकोज जोडलेली संयुगे असतात. ब्युट्रिन जवळजवळ रंगहीन असते, तर ज्याच्या रेणूतील मधले वलय उघडे असते ते आयसोब्युट्रिन पिवळे दिसते. फुलांच्या फिक्या काढ्यात चुन्याची निवळी चार थेंब टाकली, की पेल्यातला पिवळा डोळ्यांदेखत केशरी होतो. हे पाहताना मन हरखते, पण कापडाच्या दृष्टीने हीच अडचण आहे, कारण धुण्याच्या सोड्यानेही छटा अशीच सरकते.

झेंडूचा केशरीपणा मात्र फसवा आहे. तो मुख्यतः ल्युटीन या कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्याचा असून पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे केशरी फुले उकळली तरी कापडावर पिवळाच चढतो. तो येतो क्वेर्सेटाजेटिन आणि पॅटुलेटिन या फ्लेव्होनॉलांतून, म्हणजे फ्लेव्होनॉइडांच्याच एका उपगटातील संयुगांतून. ही संयुगे तुरटीतल्या ॲल्युमिनियमला घट्ट धरतात आणि रंग धाग्याला बांधला जातो. शंभर ग्रॅम कापडाला 10 ते 15 ग्रॅम तुरटी पुरते. तुरटीऐवजी किंचित हिराकस (लोहाचे सल्फेट) घातल्यास शेवाळी छटा मिळते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढावे लागते, भंडाऱ्याकडचे टसर रेशीम मात्र तुरटीनंतर थेट रंग घेते.

विदर्भाच्या उन्हात दोन्ही रंग उतरतात, म्हणून वाळवणे सावलीतच हवे. पळस फेब्रुवारी-मार्चपुरता असतो; फांद्या न ओरबाडता झाडाखाली पडलेली फुलेच वेचावीत. झेंडूसाठी दसरा-दिवाळीनंतर दारावरून उतरवलेली तोरणेसुद्धा चालतात, फक्त बुरशी आलेली फुले वगळावीत.

अंगावर घालायच्या कापडासाठी मी निःसंकोच झेंडू सुचवेन. धुळवडीच्या रंगासाठी मात्र पळसच घ्यावा: फुले रात्रभर कोमट पाण्यात भिजवावीत, सकाळी पाणी गाळून घ्यावे, आणि ते अंगावर उडवायचे असल्याने त्यात चुना घालू नये.